डब्याचं नाव आणि डब्यातला माल: नेस्टेड ॲरे दाखवायचा कसा?

(नांदेड येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

मागचं व्याख्यान लातूरला झालं. तिथं आपण साध्या ॲरेपर्यंत आलो होतो. ॲरे म्हणजे क्रमानं लावलेली यादी, पहिल्या घटकाचा क्रमांक बहुतेक भाषांत शून्य, आणि यादीतला कोणताही घटक क्रमांकानं मागता येतो, एवढं तिथं झालं. ज्यांनी ते ऐकलं नसेल त्यांचंही आज अडणार नाही. आज आपल्याला पुढचा प्रश्न घ्यायचा आहे: यादीतला घटक हाच जर एक यादी असेल तर काय करायचं? आणि त्याहून अवघड म्हणजे, अशी पोटात पोट असलेली यादी पडद्यावर दाखवायची कशी?

आधी एक कबुली. आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवलं. प्रोग्रामिंगकडे वळलो ते निवृत्तीनंतर. त्यामुळे इथं बसलेल्या संगणकशास्त्राच्या मुलांना आमच्यापेक्षा जास्त येत असणार, यात शंका नाही. पण या विषयात आम्हाला जे दिसलं ते सांगण्यासारखं आहे असं वाटतं. ते काय, हे व्याख्यानाच्या मध्यावर कळेल.

यादीच्या पोटात यादी

उदाहरण घरचंच घेऊ. नांदेड जिल्ह्यात १६ तालुके आहेत, लातूर जिल्ह्यात १०. जिल्ह्यांची यादी केली तर तिच्यात दोन घटक. पण प्रत्येक घटकाच्या पोटात तालुक्यांची यादी, तालुक्याच्या पोटात गावांची यादी. ही झाली नेस्टेड ॲरे. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा: आतल्या याद्या सारख्या लांबीच्या नाहीत. एकीत १६, दुसरीत १०. शाळेतल्या पाढ्यांच्या तक्त्यासारखी ही चौकोनी मांडणी नाही. खऱ्या आयुष्यातल्या बहुतेक याद्या अशाच ओबडधोबड असतात.

आता याहून खोल जाणारं उदाहरण घेऊ, जे इथल्या बहुतेकांच्या घरी कपाटात घडी घालून ठेवलेलं आहे. सातबारा. गाव, गावात गट नंबर, एका गटात अनेक खातेदार, आणि प्रत्येक खातेदारापुढे त्याचं क्षेत्र. क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असतं. १०० आर म्हणजे एक हेक्टर, म्हणून १.२० लिहिलं की एक हेक्टर वीस आर. आपल्या बोलण्यातला गुंठा हा साधारण एका आरएवढाच. कल्पनेतलं एक गाव घेऊ आणि त्यातले दोनच गट. नावंही कल्पनेतलीच:

शेत = [
  ["गट ११२", [["केशव", ०.८०], ["यशवंत", ०.८०], ["सुमन", ०.४०]]],
  ["गट ११८", [["केशव", १.२०]]]
]

कंस मोजा. सगळ्यात बाहेरच्या कंसात दोन घटक, म्हणजे दोन गट. प्रत्येक गटात दोन घटक: गटाचं नाव आणि खातेदारांची यादी. खातेदारांच्या यादीत प्रत्येक खातेदार हीच एक जोडी: नाव आणि क्षेत्र. चार थर झाले. सुमनचं नाव हवं असेल तर क्रमांकांनी असं मागायचं: शेत[०][१][२][०]. पहिला गट, त्याची खातेदारांची यादी, तिसरा खातेदार, त्याचं नाव. पत्ता सांगावा तसं आहे हे. जिल्हा, तालुका, गाव, गल्ली.

मागता येतं म्हणजे माहिती आत नीट आहे. आता दाखवायची वेळ.

"ॲरे" असं छापून आलं तेव्हा

आमचा एक माजी विद्यार्थी संकेतस्थळं तयार करण्याचं काम करतो. एकदा त्यानं घरी येऊन लॅपटॉप उघडला. एका गावातल्या शेतकऱ्यांची यादी त्याला पानावर दाखवायची होती. पीएचपी भाषा. पानावर दिसत होतं ते असं:

गट ११२ ॲरे
गट ११८ ॲरे

खाली तसंच पन्नासेक ओळी. प्रत्येक गटापुढे इंग्रजीत एकच शब्द: ॲरे. तो हसत म्हणाला, "सर, डेटा आत आहे. दिसत नाही एवढंच."

पीएचपीत 'इको' ही आज्ञा मजकूर छापते. तिच्या हातात मजकुराऐवजी यादी दिली तर तिला काय छापावं ते कळत नाही, मग ती त्या वस्तूच्या जातीचं नाव छापते. नव्या आवृत्त्यांत इशाराही देते, की तुम्ही यादीचा मजकूर करू पाहता आहात. पण इशारे बंद ठेवलेले असले तर पानावर फक्त तो शब्द उरतो. तुम्ही डब्यात काय आहे विचारलं, आणि उत्तर मिळालं: डबा.

जावा भाषा याहून गूढ उत्तर देते. तिथं यादी सरळ छापली की चौकटी कंस, एखादं अक्षर, ॲटचं चिन्ह आणि पुढे आकड्या-अक्षरांची माळ येते. पुष्कळ विद्यार्थी तिला मेमरीतला पत्ता समजतात. ती त्या वस्तूची हॅशकोड नावाची ओळखखूण असते. काही असो, सुमनचं नाव तिच्यात नाही.

त्या विद्यार्थ्याला आम्ही म्हणालो, "बाबा, हे आम्ही आधी पाहिलंय. संगणकावर नाही. आमच्या घरच्या सातबाऱ्यावर."

ए.कु.मॅ.

इथं थोडं घरचं सांगतो, विषय सोडून नाही.

आम्ही चार भावंडं. तीन भाऊ, एक बहीण. वडील गेले तेव्हा शेतीच्या कागदावर थोरल्या भावाचं नाव लागलं आणि नावापुढे तीन अक्षरं: ए.कु.मॅ. एकत्र कुटुंब मॅनेजर. जुन्या सातबाऱ्यांवर ही नोंद महाराष्ट्रभर सापडेल. अर्थ असा, की जमीन एकट्याची नाही, सगळ्या कुटुंबाची आहे, हा माणूस कुटुंबाच्या वतीनं आहे. घरात कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. दादा म्हणायचे, "माझं नाव हाय म्हणजे सगळ्यांचंच हाय की." आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या मनात तो डबा पूर्ण भरलेला होता.

पुष्कळ वर्षांनी बहीण माहेरी आली असताना तिनं कागद हातात घेतला. तिला वाचता येत होतं. तिनं एवढंच विचारलं, "दादा, यात मी कुठंय?"

कुणाला उत्तर देता आलं नाही. कागदावर डब्याचं नाव होतं.

आता फरक बघा, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या पानावर "ॲरे" हा शब्द होता, पण आत, मेमरीत, सगळी नावं शाबूत होती. दाखवण्याची आज्ञा बदलली की नावं दिसणार होती. आमच्या सातबाऱ्यावर "ए.कु.मॅ." होतं आणि त्याच्या आतली यादी त्या कागदावर नव्हतीच. ती घरातल्या माणसांच्या आठवणीत होती, आणि माणसं जातात. दादा गेले असते तर त्यांच्या मुलांपुढे त्या तीन अक्षरांचा अर्थ सांगायला कोण उरलं असतं? तेव्हा दोन प्रश्न वेगळे ठेवा. माहिती आत आहे का, हा पहिला. ती दिसते का, हा दुसरा. पडद्यावर दोन्ही बाबतींत सारखंच चित्र दिसतं: एक नाव आणि पुढे एक शब्द.

तत्त्वज्ञानात हा वाद जुना आहे. मिलिंदपञ्हात नागसेन मिलिंद राजाला विचारतो, की रथ म्हणजे नेमकं काय? चाक? आस? दांडा? यांतला एकेक भाग रथ नाही, आणि "रथ" हे भागांवर आधारलेलं एक नाव आहे. नैयायिकांना हे मान्य नाही. ते म्हणतात, अवयवी हा अवयवांहून वेगळा, खरोखर असलेला पदार्थ आहे. आज त्या वादाचा निकाल लावायचा नाही. पण एका गोष्टीवर दोन्ही बाजू एक होतील: समग्राचं नाव उच्चारलं म्हणून त्यातले भाग सांगून झाले, असं होत नाही.

एकेक भाषा काय देते

आता कामाचं. तयार साधनं कोणती आहेत?

पीएचपीत 'प्रिंट_आर' ही आज्ञा यादी आतपर्यंत उघडून दाखवते, प्रत्येक थर थोडा आत सरकवून. पण हे ब्राउझरमध्ये पाहिलं तर सगळं एका ओळीत गोळा झालेलं दिसतं, कारण एचटीएमएल लागोपाठच्या मोकळ्या जागा आणि ओळी एकत्र करून टाकते. भोवती 'प्री' हा टॅग घाला, मग मांडणी टिकते. नवशिक्या मुलांचा अर्धा तास इथंच जातो.

'प्रिंट_आर'ची दुसरी एक खोड आहे. माहिती नसणं, म्हणजे नल, उत्तर "नाही" असणं, म्हणजे फॉल्स, आणि रिकामा मजकूर, या तिन्हींच्या जागी ती सारखीच मोकळी जागा दाखवते. वैशेषिकांनी अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला आणि त्याचे प्रकार पाडले ते उगाच नाही. "क्षेत्र नोंदवलेलं नाही" आणि "क्षेत्र नाही" यांत माणसाचं पोट अडकलेलं असतं. हा फरक पाहायचा असेल तर 'व्हार_डंप' वापरा. ती प्रत्येक घटकाची जातही सांगते. मात्र तिच्यात "सुमन" या नावापुढे लांबी १२ अशी दिसली तर घाबरू नका. स, उकार, म, न अशी चार चिन्हं, आणि यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ती आज्ञा अक्षरं मोजत नाही, बाइट मोजते.

यादीचं जेसन करून दाखवलं तर तेही चांगलं वाचता येतं, पण पीएचपीत मराठी अक्षरांऐवजी तिरपी रेघ, यू आणि आकडे अशी संकेतलिपी येते. अक्षरं जशीच्या तशी हवी असतील तर 'जेसन_अनएस्केप्ड_युनिकोड' हा पर्याय द्यावा लागतो. आपल्या भाषेत काम करणाऱ्यानं हा पर्याय पाठच करावा.

जावात 'ॲरेज' या वर्गात 'टू-स्ट्रिंग' आहे. तिनं फक्त बाहेरचा एक थर उघडतो, आतल्या याद्यांच्या जागी पुन्हा त्याच माळा. पूर्ण आत जायचं तर 'डीप-टू-स्ट्रिंग'. पायथनमध्ये साधं 'प्रिंट' सगळं आतपर्यंत दाखवतं, पण एका लांबलचक ओळीत. 'पीप्रिंट' वापरलं की ओळी पाडून मिळतात.

आणि आता जावास्क्रिप्ट. नोडवर 'कन्सोल.लॉग' करून आपली यादी छापली तर काय दिसतं, ते मराठी करून सांगतो:

[
  [ "गट ११२", [ [ॲरे], [ॲरे], [ॲरे] ] ],
  [ "गट ११८", [ [ॲरे] ] ]
]

बघितलंत? गट दिसले. प्रत्येक गटात किती खातेदार आहेत तेही कळलं, तीन आणि एक. नावं मात्र झाकली गेली. कारण नोडनं ठरवून ठेवलंय, की न सांगता आपण दोनच पायऱ्या आत उतरायचं. शिवाय यादीत १००हून जास्त घटक असले तर पहिले १०० दाखवून पुढे "आणखी इतके" असं लिहायचं. यात दुष्टपणा नाही. अवाढव्य माहिती पडद्यावर ओतली तर वाचणाराच बुडेल, म्हणून घातलेली ही मर्यादा आहे. पूर्ण हवं असेल तर 'कन्सोल.डिर'ला खोलीची मर्यादा नल म्हणून कळवा, ती तळापर्यंत जाते.

पण आपल्याकडे याला शब्द आहे. "व इतर." लग्नपत्रिकेत चालतो, दाव्याच्या शीर्षकात चालतो, सभेच्या बातमीत चालतो. "रामराव व इतर चार." त्या चारांत कोण, हे रामरावांना माहीत. तुम्ही जेव्हा यादी दाखवणारा प्रोग्राम लिहिता तेव्हा "व इतर" कुठून सुरू करायचं हे तुम्ही ठरवत असता. ठरवलं नाही, तर भाषा तुमच्या वतीनं ठरवते. आणि खोलीची मर्यादा नेहमी आतल्या थरावर पडते. बाहेरचे, मोठ्या नावाचे घटक तिच्यामुळे झाकले जात नाहीत.

आम्हाला या विषयात जे दिसलं ते हे.

आपणच लिहू: दाखवणारं काम

तयार साधनं तपासणीपुरती ठीक. लोकांसमोर यादी ठेवायची तर आपल्याला हवी तशी मांडणी आपणच लिहावी लागते. पहिला विचार येतो लूपचा. बाहेरच्या यादीवर एक लूप, त्याच्या आत दुसऱ्या थरासाठी दुसरा, त्याच्या आत तिसरा. थर किती ते आधीपासून पक्कं ठाऊक असेल तर हे चालतं. पण उद्या एका खातेदारापुढे त्याच्या वारसांची यादी आली, तर? एका ठिकाणी चार थर, दुसऱ्या ठिकाणी सहा. लूप किती लिहिणार?

तेव्हा असं काम लिहायचं, जे स्वतःलाच हाक मारतं. मराठीत लिहितो:

काम दाखवा(गोष्ट, खोली):
  गोष्ट ही यादी असेल, तर
    तिच्यातल्या प्रत्येक घटकासाठी: दाखवा(घटक, खोली + १)
  नसेल, तर
    खोलीइतकी जागा सोडून गोष्ट छाप

एवढंच. मराठीत "खोली" म्हणजे आत किती उतरलो तेही आणि वाड्यातली खोलीही. इथं दोन्ही अर्थ चालतात. दारातून आत जा. समोर आणखी दार असेल तर तेच पुन्हा करा. दार नसेल, माणूस बसलेला असेल, तर त्याचं नाव लिहा आणि परत फिरा. याला पुनरावर्तन म्हणतात, इंग्रजीत रिकर्जन.

आपल्या यादीवर चालवून बघू. दाखवा(शेत, ०) अशी हाक मारली. शेत ही यादी आहे, म्हणून पहिल्या घटकासाठी खोली १. तोही यादीच, म्हणून त्याच्या घटकांसाठी खोली २. पहिला घटक "गट ११२". ही यादी नाही, मजकूर आहे, छापा. दुसरा घटक खातेदारांची यादी. आत खोली ३, तिथं केशवची जोडी, तीही यादी. आत खोली ४, तिथं "केशव", छापा; ०.८०, छापा. जोडी संपली, एक पायरी वर या, यशवंतची जोडी घ्या. असं करत:

  गट ११२
    केशव
    ०.८०
    यशवंत
    ०.८०
    सुमन
    ०.४०
  गट ११८
    केशव
    १.२०

सुमन दिसली. तिच्यासाठी वेगळी ओळ लिहावी लागली नाही. "यादी असेल तर आत जा" या एका नियमानं ती आपोआप आली.

नाव आणि क्षेत्र मात्र वेगवेगळ्या ओळींवर आले, कारण आपल्या कामाला दोघांची जोडी आहे हे ठाऊक नाही. ते कळवायचं तर क्रमांकाऐवजी नावाच्या खुणा द्याव्यात: "नाव" म्हणून केशव, "क्षेत्र" म्हणून ०.८०. पीएचपीत अशीही यादी करता येते, पायथनमध्ये त्यासाठी डिक्शनरी आहे. जाता जाता, पायथन ३मध्ये चलांची आणि कामांची नावं देवनागरीत ठेवता येतात. "दाखवा" हे नाव खरोखर चालतं.

आता नैयायिकांचा एक इशारा. हे काम थांबतं कशामुळे? कधी ना कधी यादी नसलेला घटक लागतो म्हणून. समजा, एखाद्या यादीच्या पोटात तीच यादी ठेवली, तर? पायथनमध्ये हे करता येतं. मग आपलं काम आत, आत, आत जात राहील आणि छापणार काहीच नाही. याला आपल्या शास्त्रात अनवस्था दोष म्हणतात: प्रत्येक आधाराला पुन्हा आधार लागणं, आणि मुक्काम कुठंच नसणं. पायथन साधारण हजार पायऱ्यांनंतर चूक दाखवून थांबतो. तयार आज्ञा शहाण्या असतात. पायथनचं 'प्रिंट' आणि जावाचं 'डीप-टू-स्ट्रिंग' अशा जागी कंसात तीन टिंबं टाकतात, पीएचपीचं 'प्रिंट_आर' तिथं "रिकर्जन" असं लिहितं. आपल्या कामातही हे हवं असेल तर ज्या दारांतून आलो त्यांची नोंद ठेवायची, आणि तेच दार पुन्हा दिसलं की थांबायचं.

कुणी सुटलं का, हे कसं कळेल?

दाखवून झालं की मोजा. आपल्या यादीत यादी नसलेले घटक किती? दोन गटांची नावं, चार खातेदार, चार क्षेत्रं. दहा. छापलेल्या ओळीही दहा. जुळलं. पीएचपीत आतपर्यंत मोजणारी सोय आहे, पण ती १८ सांगेल, कारण ती आतल्या आठ डब्यांनाही मोजते. म्हणून काय मोजतोय ते आधी ठरवावं.

दुसरी मोजणी बेरजेची. गट ११२चं एकूण क्षेत्र दोन हेक्टर असेल तर दाखवलेल्या तिघांची बेरीज २.०० यायला हवी. आली. १.६० आली असती तर कुणीतरी आत राहिलंय. किती राहिलंय तेही कळलं असतं: चाळीस आर.

श्रोत्यांचे प्रश्न

एका विद्यार्थिनीचा प्रश्न: सर, सातबारा आणि आठ-अ यांत माहिती तीच असते, मग दोन कागद कशाला?

उत्तर: फार छान. सातबारा गटापासून सुरू होतो: हा गट, यात हे खातेदार. आठ-अ खातेदारापासून सुरू होतो: हा खातेदार, या गावात याचे हे गट. आपल्या उदाहरणात आठ-अ केला तर केशवच्या पोटात दोन गट येतील, ०.८० आणि १.२०, बेरीज २.००. यशवंतच्या पोटात एक, सुमनच्या पोटात एक. माहिती तीच, डबे उलटे लावले. आणि बघा, सातबाऱ्यात सुमन चौथ्या थरात होती, आठ-अमध्ये ती दुसऱ्या थरात आली. नोडची दोन पायऱ्यांची मर्यादा लावली तरी आता तिचं नाव झाकलं जाणार नाही. कोणाला बाहेर ठेवायचं आणि कोणाला आत, हे मांडणी ठरवते.

एका ज्येष्ठ श्रोत्याचा प्रश्न: तुमच्या भगिनींचं पुढे काय झालं?

उत्तर: विचाराल असं वाटलंच होतं. कायद्याची बाजू थोडक्यात. वडिलांच्या हिश्श्यात मुलगी वारस असते हे १९५६च्या हिंदू वारसा कायद्यातच होतं. १९९४मध्ये महाराष्ट्रानं तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मापासूनचा हक्क दिला, आणि २००५च्या केंद्रीय दुरुस्तीनं तो देशभर आला. म्हणजे कायद्याच्या यादीत ती होती. कागदावर नव्हती. आम्ही भावांनी दादांसोबत बसून ठरवलं आणि तलाठ्याकडे अर्ज दिला. पद्धत अशी, की अर्जावरून गाव नमुना सहामध्ये फेरफार नोंद होते, संबंधितांना नोटिसा जातात, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, आणि मग सातबारा बदलतो. आमच्यात हरकत घेणारं कुणी नव्हतं, तरी चकरा झाल्याच. नवा उतारा आला त्यावर चार नावं होती. बहिणीनं तो घेतला, स्वतःचं नाव दोनदा वाचलं आणि दादांना म्हणाली, "आता चहा टाकते." शेत आजही एकत्रच कसलं जातं. तिनं वाटणी मागितली नाही. तिला दिसायचं होतं.

एका विद्यार्थ्याचा प्रश्न: त्या संकेतस्थळाचं काय झालं?

उत्तर: त्यानं आमच्यासमोरच दुरुस्त केलं. पाच ओळींचं काम होतं, आत्ता फळ्यावर लिहिलं तेच. पण जाताना त्यानं एक गोष्ट स्वतःहून केली. पानाच्या खाली एकूण नावांचा आकडा टाकला, म्हणजे कुणालाही मोजून पाहता यावं.

आता घरचा अभ्यास. आपल्या घरचा एक सातबारा आणि एक आठ-अ काढा, महाभूलेखच्या संकेतस्थळावर पाहता येतात. कागदावर कंस घालून दोन्ही मांडा, थर मोजा, क्षेत्रांची बेरीज करून पाहा. कुठं "ए.कु.मॅ." दिसलं तर त्याच्या आतली नावं घरातल्या मोठ्या माणसाला विचारून लिहून ठेवा. ते काम लवकर करा. प्रोग्राम नंतर लिहिला तरी चालेल. पुढच्या वेळी लातूरला भेटू, तिथं याच यादीत एखादं नाव शोधायचं कसं ते घेऊ.